दंडावरची चार बोटांची जागा

अंगावर चिकटवून साखर मोजणाऱ्या सेन्सरच्या खोक्यातील माहितीपत्रकावर एक चित्र असते. त्यातील माणसाने बिनबाह्यांचा बनियन घातलेला आहे, हात सैल सोडलेला आहे आणि दंडाच्या मागच्या बाजूला, खांदा व कोपर यांच्या साधारण मध्यावर, तो पांढरा गोल चिकटवलेला आहे. ते चित्र पाहून मला वाटले होते की जागेचा प्रश्न कंपनीनेच सोडवून दिला आहे आणि आपल्याला फक्त दाबायचे काम उरले आहे. प्रत्यक्षात तो प्रश्न माझ्यापुरता सुटायला पाच सेन्सर लागले आणि जूनमध्ये सुरू झालेले हे प्रकरण दिवाळी उलटल्यावर मार्गी लागले, कारण चित्रातला माणूस साडी-ब्लाउज वापरत नव्हता, फळ्यावर लिहीत नव्हता, बेळगावच्या शहापुरातून खानापूर तालुक्यातल्या शाळेपर्यंत रोज बसने उभ्याने जात नव्हता, आणि तो कोणत्या कुशीवर झोपतो हेही चित्रात दिसत नव्हते.

मला मधुमेह होऊन सोळा वर्षे झाली. गेली तीन वर्षे दिवसातून चार वेळा इन्सुलिन घ्यावे लागते. मागच्या वर्षी सहावीच्या वर्गात गणित शिकवताना हात थरथरू लागले, फळ्यावरचे आकडे पुसट दिसू लागले आणि ग्लुकोमीटरवर साखर 52 निघाली. त्यानंतर डॉक्टरांनी सतत साखर दाखवणारा सेन्सर लावण्याचा सल्ला दिला. बोट टोचून आपल्याला त्या एका क्षणाचा आकडा कळतो. सेन्सर मात्र रात्रंदिवस दर काही मिनिटांनी मोजत राहतो आणि साखर चढते आहे की उतरते आहे, हेही बाणाने दाखवतो. दोन आठवड्यांच्या एका सेन्सरला साडेचार-पाच हजार रुपये पडत असल्यामुळे तो वर्षभर अखंड लावणे मला परवडणारे नव्हते. म्हणून मध्ये खंड ठेवून लावायचे ठरले, आणि त्यामुळेच जागा चुकून एखादा सेन्सर वाया गेला की जिवाला फार लागत असे.

जागेचा विचार का करावा लागतो, हे मला आधी नीट समजले नव्हते. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही. त्याचा केसासारखा बारीक तंतू कातडीखाली सुमारे अर्धा सेंटिमीटर जातो आणि तिथल्या पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो. रक्तातील साखर या द्रवात उतरायला वेळ लागतो, त्यामुळे सेन्सरचा आकडा बोटाच्या आकड्यापेक्षा साधारण पाच-दहा मिनिटे मागे असतो. साखर वेगाने वरखाली होत असताना हा फरक ठळकपणे जाणवतो. हा द्रव जिथे सुखाने वाहतो, जिथे कातडीखाली थोडी चरबी आहे, जिथे कातडीला घडी पडत नाही आणि जिथे बाहेरून दाब येत नाही, ती जागा चांगली. वाक्य सोपे आहे. आपल्या अंगावर तशी जागा शोधायला बसले की एकेक जागा बाद होत जाते.

सर्वांत आधी पोट बाद झाले. एका भाच्याने मला सांगितले होते की परदेशात पुष्कळ लोक पोटावर सेन्सर लावतात, आणि ते खोटे नाही. डेक्सकॉम जी-6 हा सेन्सर मोठ्यांनी पोटावर लावावा असेच त्याच्या सूचनांत होते, आणि 2 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी पोट किंवा नितंबांचा वरचा भाग अशा दोन जागा दिल्या होत्या. फ्रीस्टाइल लिब्रे मात्र पहिल्यापासून दंडाच्या मागच्या बाजूसाठी आहे. म्हणजे जागा सेन्सरागणिक बदलते आणि एकाची जागा दुसऱ्याला लावून चालत नाही. माझ्या सेन्सरच्या पत्रकात दंडच होता. शिवाय माझ्या पोटावर रोज चार सुया पडतात आणि बेंबीच्या दोन्ही बाजूंना इन्सुलिनच्या गाठी झालेल्या आहेत. गाठी, व्रण, तीळ टाळावेत आणि इन्सुलिनची सुई सेन्सरपासून निदान एक इंच लांब असावी, असे पत्रकातच लिहिलेले असते. या सगळ्यातून पोटावर जो काही मोकळा तुकडा उरला असता, त्यावरून परकराची नाडी आणि निऱ्यांचा खोचा जातो.

मनगटाचाही विषय निघाला. शेजारच्या एका गृहस्थांनी सुई न टोचता साखर दाखवणारे घड्याळ मिळते असे सांगितले आणि मोबाइलवर त्याची जाहिरातही दाखवली. दिसायला ते सुरेख होते. परंतु कातडी न टोचता साखर मोजतो असे सांगणारी घड्याळे आणि अंगठ्या वापरू नयेत, अशी सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये काढली होती. ज्या आकड्यावर मी इन्सुलिनची मात्रा ठरवणार, तो आकडा असल्या घड्याळावर सोपवण्याची माझी तयारी नव्हती. तेव्हा राहता राहिला दंड.

पहिला सेन्सर आम्ही घरीच लावला. मी उजव्या हाताने काम करते म्हणून डावा दंड निवडला. दंडाची मागची बाजू स्वतःला दिसत नाही. आरशात पाहून लावायला गेले की डावे-उजवे आणि आतले-बाहेरचे यांची गल्लत होते. म्हणून यांना मदतीला बोलावले. हे जन्मभर हिशेबाचे काम केलेले, त्यामुळे त्यांनी टेपने खांदा ते कोपर मोजून बरोबर मध्य काढला, पण ‘मागची बाजू’ म्हणजे नेमके किती मागे हे त्यांनाही कळेना आणि मलाही सांगता येईना. शेवटी सेन्सर लागला तो दंडाच्या बाहेरच्या कडेवर, म्हणजे चालताना भिंतीला, दाराला आणि माणसांना पहिल्यांदा लागणाऱ्या जागेवर. लावताना दुखले नाही. खटका वाजला, सुई मागे गेली, तंतू आत राहिला आणि तासाभराने आकडे येऊ लागले.

पाचव्या दिवशी खानापूरला बसमधून उतरताना तो गेला. महिलांना बसचे तिकीट लागेनासे झाल्यापासून सकाळच्या गाड्यांना बायकांची गर्दी असते; मीही त्याच गर्दीतली, त्यामुळे तक्रार करायचे कारण नाही. डाव्या खांद्याला पिशवी, डाव्या हाताने दारातला दांडा धरलेला, मागून रेटा आला आणि दंड दांड्यावर घासला. सेन्सर एका कडेने उचकटून लोंबू लागला. पाऊस चालू होता. शाळेत पोहोचून पाहिले तर तंतू बाहेर आलेला होता आणि मोबाइलवर सेन्सर बदला अशी सूचना दिसत होती. नऊ दिवसांचे पैसे पाण्यात गेले. दोष लावण्याच्या जागेचा होता, हे त्या क्षणीच कळले होते.

दुसऱ्या सेन्सरने मात्र मला खरोखर फसवले असते. जुलैमध्ये तो त्याच डाव्या दंडावर थोडा वर लावला, आता बाहेरच्या कडेपासून दोन बोटे मागे. बसमध्ये तो सुरक्षित राहिला. परंतु दुसऱ्याच रात्री अडीचच्या सुमारास मोबाइल किंचाळू लागला. साखर 58 दाखवत होती. मला घाम नव्हता, थरथर नव्हती, नुसती झोप होती. पण वर्गातला तो प्रसंग डोक्यात पक्का बसलेला, त्यामुळे उठून तीन चमचे साखर पाण्यात घालून प्याले. सकाळी बोट टोचले तर 241. तिसऱ्या रात्री पुन्हा तेच झाले. चौथ्या रात्री मात्र यांनी दिवा लावून आधी ग्लुकोमीटर पुढे केला आणि म्हणाले, “आधी बोट बघ, मग साखर खा.” बोटावर 126 होते. सेन्सरवर 61.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी आठवड्याचा आलेख उघडला. सत्तरच्या खाली जाणारा वेळ चार टक्क्यांपेक्षा कमी असावा अशी अपेक्षा असते. माझा नऊ टक्के दिसत होता. त्यांनी रात्रीचे इन्सुलिन चार युनिटने कमी करायचे म्हणून कागदावर लिहायलाही घेतले. मी बोटाचे आकडे वहीत तारीख-वेळेसह लिहून नेले होते. ते पाहिल्यावर त्यांनी लेखणी ठेवली आणि विचारले, “तुम्ही कोणत्या कुशीवर झोपता?” मला पित्ताचा त्रास असल्याने मी वर्षानुवर्षे डाव्या कुशीवर झोपते. मग त्यांनी आलेखातला उतार दाखवला. खरी साखर उतरते तेव्हा रेघ हळूहळू खाली येते. माझी रेघ मात्र दगड पडावा तशी सरळ खाली गेली होती आणि मी उठून बसल्यावर पंधरा-वीस मिनिटांत तशीच सरळ वर आली होती. अंगाचा भार सेन्सरवर पडला की तिथला द्रव दाबला जातो, त्या एवढ्याशा जागेतला पुरवठा मंदावतो आणि तंतूला साखर कमी लागते. अंगात साखर कमी नसते, फक्त सेन्सरखालच्या त्या जागेत असते. म्हणजे चुकीच्या जागेमुळे माझी रात्रीची मात्रा कमी झाली असती आणि सकाळची चढलेली साखर आणखी चढली असती. त्या दिवसापासून जागा हा मला सोयीचा किंवा दिसण्याचा प्रश्न वाटेनासा झाला.

तिथल्या सिस्टर बैलहोंगलकडच्या. त्या माझ्याशी मोडक्यातोडक्या मराठीत आणि मी त्यांच्याशी त्याहून मोडक्या कानडीत बोलते. त्यांनी माझा हात हातात घेतला, कोपर वाकवून सरळ केला, दंडाच्या मागचे मांस दोन बोटांच्या चिमटीत धरून वरखाली सरकवून पाहिले आणि एका ठिकाणी थांबून म्हणाल्या, “इल्ली.” इथे. मग माझेच बोट तिथे ठेवायला लावले. ती जागा दंडाच्या अगदी मागे होती, हात खाली सोडला तर समोरून पाहणाऱ्याला न दिसणारी. कोपरापासून चांगली चार-पाच बोटे वर, काखेपासून तितकीच खाली. तिथे चिमटीत मांस येते, पण हात वाकवला तरी घडी पडत नाही. पत्रकातील चित्र चुकीचे नव्हते, हे मला तेव्हा कळले. चित्रातला माणूस पाठमोरा होता आणि आम्ही त्याला बाजूने पाहत होतो.

एवढे कळूनही तिसरा सेन्सर मी मांडीवर लावला, याची आता मलाच गंमत वाटते. वन्संच्या ओळखीतल्या एका मुलीला लहानपणापासून मधुमेह आहे आणि ती मांडीवर लावते. दंडावरून दोनदा पोळल्यामुळे मला तो सल्ला गोड लागला. मांडीवरचे आकडे बोटाच्या आकड्यांशी बरेचसे जुळत होते, हे नाकारता येणार नाही. अडचण निराळीच होती. हळदीकुंकवाला, भजनाला, शाळेत लहान मुलांच्या पंगतीला मी मांडी घालून बसते. उठताना परकर सेन्सरच्या कडेत अडके. आठव्या दिवशी कडा सुटल्या आणि अकराव्या दिवशी तो परकराबरोबरच निघाला. डॉक्टरांना सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत, पण एक गोष्ट त्यांनी स्पष्ट सांगितली की कंपनीने अचूकता दंडावर तपासली आहे, दुसरीकडे लावला तर येणाऱ्या आकड्याची जबाबदारी कोणाचीच नाही, आणि जी व्यक्ती त्या आकड्यावरून इन्सुलिन घेते तिने हा खेळ करू नये. मला ते पटले. त्या मुलीचे जुळते आहे तर जुळो. तिचे डॉक्टर तिला पाहत आहेत.

चौथा सेन्सर उजव्या दंडावर गेला. इतके दिवस मी तो हात टाळला होता, कारण फळ्यावर लिहिणारा हात तो. दिवसाला चार-पाच तास तो हात वर जातो, मग सेन्सर टिकेल कसा, असे वाटे. वास्तविक लिहिताना दंडाच्या मागच्या बाजूला कशाचाही स्पर्श होत नाही. खडूची धूळ तेवढी बसते. खरा अडथळा ब्लाउजच्या बाहीचा निघाला. आमच्याकडे बाही दंडाच्या मध्यापर्यंत शिवतात आणि ती घट्टच लागते, सैल बाही म्हणजे शिवणाऱ्याचे काम कच्चे अशी समजूत आहे. सिस्टरनी दाखवलेली जागा आणि बाहीची शिवण बरोबर एकमेकींवर येत होत्या. हात वर गेला की बाही वर सरके, खाली आला की शिवण सेन्सरची कड उचलत खाली येई. वडगावात माझे ब्लाउज शिवणाऱ्या मावशींकडे गेले. त्यांनी सेन्सर निरखून पाहिला, दुखते का विचारले आणि म्हणाल्या, “अक्का, बाही दोन इंच लांब करतो आणि घेर सोडतो, मग हे आतच ऱ्हातंय बघा.” बाही लांब झाल्यामुळे शिवण सेन्सरच्या खाली गेली आणि कापड त्याच्यावरून नुसते सरकू लागले. माहितीपत्रकात ही एक ओळ असती तर माझे कितीतरी पैसे वाचले असते; पण पत्रक लिहिणाऱ्यांनी ब्लाउज कधी घातला नसावा.

त्याच चौथ्या सेन्सरच्या काळात दिवाळी आली. नरक चतुर्दशीला सासूबाई सगळ्यांना स्वतःच्या हाताने तेल लावतात, त्यात त्यांचे कोणाशी काही चालत नाही. मी उजवा दंड सोडा म्हणून सांगितले, त्यांनी सोडलाही, पण खांद्यावरचे तेल उटण्यासह ओघळत खाली आले आणि कढत पाण्याने चिकटपट्टी फुगली. तो सेन्सर बाराव्या दिवसापर्यंत जखमेच्या पट्टीच्या आधाराने कसाबसा टिकला. तेव्हापासून नवा सेन्सर लावण्याच्या दिवशी दंडाला तेल किंवा मलम लावत नाही. साध्या साबणाने धुते, स्पिरिटच्या बोळ्याने पुसते आणि पूर्ण वाळू देते. पावसाळ्यात आमच्याकडे काहीच लवकर वाळत नाही, कातडीसुद्धा, म्हणून पंख्याखाली पाच मिनिटे हात धरून बसते. खोबरेल तेलाचा उपयोग मी आता सेन्सर काढताना करते, कारण चिकटपट्टी त्याने अलगद सुटते.

आणखी एक चूक मी बरेच दिवस करत होते. लावताना हात डोक्यामागे किंवा समोरच्या खांद्यावर घट्ट ओढून धरला की मागची कातडी ताणली जाते. सेन्सर ताणलेल्या कातडीवर बसतो आणि हात खाली आला की कातडी आखडून कडा सुरकुततात. आता मी तळहात कमरेवर ठेवते, कोपर किंचित मागे, आणि हे त्या अवस्थेत लावतात. त्यांना जागा दाखवण्यासाठी आदल्या रात्रीच पेनाने एक टिंब करून ठेवते आणि त्या टिंबासकट एकदा झोपून, एकदा बसमध्ये धरतात तसा दांडा धरल्यासारखा हात वर करून पाहते. टिंब कशालाही टेकले नाही तरच ती जागा पक्की.

पाचवा सेन्सर उजव्या दंडावर, जुन्या जागेपासून दोन बोटे खाली लावला आणि तो पूर्ण चौदा दिवस टिकला. पहिल्या दिवशीचे आकडे मी फारसे मनावर घेत नाही, कारण नव्या तंतूभोवतीची कातडी शांत व्हायला वेळ लागतो; त्या दिवशी बोटावर भर असतो. पुढचे तेरा दिवस रात्री एकदाही मोबाइल ओरडला नाही. त्या आलेखात सत्तरच्या खालचा वेळ दोन टक्के आला आणि रात्रीचे इन्सुलिन आहे तेवढेच राहिले. दुपारचे दोन युनिटने वाढले, कारण जेवणानंतरचा चढ आता पहिल्यांदाच स्वच्छ दिसत होता.

एकाच दंडावर लागोपाठ दोन सेन्सर झाल्याने तिथे आता तांबूस वर्तुळ उमटले आहे आणि खाज येते, म्हणून पुढचा डाव्या दंडावर घ्यावा लागणार. तिथे जागा आणखी मागे, शरीराच्या बाजूला एक बोट सरकवून पेनाने टिंब करून तीन रात्री झोपून पाहिले. डावा हात पुढे पसरून त्याखाली वाकळीची गुंडाळी ठेवली तर टिंब मोकळे राहते. काखेकडे फार सरकले तर चालताना ते बरगडीला घासते, तेही पाहून झाले. वहीच्या शेवटच्या पानावर मी दोन्ही दंडांची आकृती काढून आतापर्यंतचे पाचही ठिपके तारखांसह मांडले आहेत, मांडीचा ठिपका वेगळा. सोमवारी सहावा लावायचा आहे. मावशींकडून डावी बाही मात्र अजून सैल होऊन आलेली नाही.